त्या म्हाताऱ्याचा एक्स-रे

आता तुमी चहा पाजायलात म्हणून सांगतो, न्हाईतर ही फजिती मी घरात कुणाला काढू देत नाही.

परभणीत माझं सगळं आयुष्य लोकांच्या छातीचे एक्स-रे बघण्यात गेलं. आता पुतणी श्रद्धाही डॉक्टर होऊन शेजारच्या खुर्चीत बसते. दिवाळीनंतर तिनं टुमणं लावलं, "काका, मोतीबिंदू पिकलाय. काढून घ्या."

मी म्हटलं, माझी नजर घारीची हाय.

"मग मोजूच," ती म्हणाली.

नजर मोजायची कशी? तिनं जुने एक्स-रे काढले, काही आजारी माणसांचे, काही धडधाकट. नावं झाकलेली. मी नुसतं बघून सांगायचं, दोष हाय का न्हाई. आजार नजरेतून सुटला तरी चूक, आणि चांगल्या माणसाला आजारी ठरवलं तरी चूक. चुका झाल्या तर मुकाट्यानं ऑपरेशन. मला ऑपरेशनची लय भीती वाटते, हे तुमच्यातच ठेवा.

झरझर बघत गेलो आणि एका एक्स-रेवर थांबलो. छातीच्या मधोमध बोराएवढी गोल, पांढुरकी सावली.

"श्रद्धा, गाठ हाय ही."

"बरं. पुढचा बघा."

"पुढचा कसला? हा माणूस कुठाय?"

"परीक्षा चालू हाय काका. नाव सांगता येत नाही."

"परीक्षा घाल चुलीत. त्याला कुणी सांगितलं का?"

 मी सरळ नांदेडच्या सर्जन मित्राला फोन लावला. त्यानं विचारलं, पेशंट कसा हाय?

मी स्क्रीनला नाक लावलं. "गडी हाय. साठीच्या पुढचा. मणके झिजलेत, खांदे वाकलेत, अंगानं सुटलाय. म्हातारा झालाय रे बिचारा."

सांगता सांगता मला त्याचं घरदार दिसायला लागलं. हसू नका. बोरीकडचा नाहीतर पूर्णेकडचा असेल, बायको जेवायची थांबली असेल, आणि याला कशाचा पत्ताच नाही. मला तर तो सख्खा भाऊच वाटायला लागला. त्याला नांदेडला न्यायला ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.

श्रद्धानं माझ्या हातातून फोन घेतला. ओठ दाबून धरले होते, पण डोळे भरले होते तिचे.

"काका, तो माणूस ठणठणीत हाय."

"तुला काय ठावं?"

"समोरच बसलाय. मागच्या साली तुमाला खोकला झाला होता, तवाचा हाय. मला वाटलं, स्वतःचा तरी ओळखताल."

माझा हात छातीवर गेला. आमी लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग आमी अंगावेगळं करत नाही. चांदीच्या डबीत असतं तर कुणीही ओळखलं असतं, पण मी ते कपड्यात बांधतो; एक्स-रेत कपडा दिसत नाही, नुसती लिंगाची गोल सावली पडते.

"मार्क गेले काका," ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली. "पण उद्या मी आजारी पडले तर माझा एक्स-रे तुमीच बघायचा. ऑपरेशन झाल्यावर."

झालं ऑपरेशन. आता लख्ख दिसतं. पण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. तो एक्स-रे काढताना आमचा टेक्निशियन म्हणाला होता, "साहेब, हे घातलं तर सावली येईल. उगं कुणाला तरी गाठ वाटंल."

मी म्हणालो होतो, "कुणाला कशाला वाटंल? बघणार तर मीच हाय की."