कलमबाईंचं चौथं प्रकरण

कॉलेजात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. चोवीस वर्षं त्या विद्यार्थ्यांचे हक्क आणि शिक्षणाचा कायदा शिकवत होत्या आणि साधा चहा मागवतानाही नियमावर बोट ठेवत, म्हणून पोरांनी त्यांचं कलमबाई करून टाकलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्यांच्या पुस्तकातलं चौथं प्रकरण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हणणं सोपं होतं. विद्यार्थ्याचं नुकसान होईल असा निर्णय घ्यायचा, तर आधी त्याला बोलावून त्याचं ऐकून घ्यायचं. हे शिकवताना एरवी शांत असलेल्या बाई टेबलावर बोट आपटत.

दरवर्षी परीक्षेआधी मात्र त्यांच्याच सहीची एक यादी लागे. हजेरी सत्तर टक्क्यांहून कमी असलेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही. बाई हजेरीपट डोळ्यांत तेल घालून तपासत, टक्के दोनदा काढत आणि सही ठोकून मोकळ्या होत. गणितात ऐकून घ्यायचं काय असतं?

यंदा यादी लागली त्याच दुपारी शेवटच्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूममध्ये आली. तिच्या हातात चौथ्या प्रकरणाची झेरॉक्स होती.

"मॅडम, यादीत माझं नाव आहे. वर्ष जाईल माझं."

"एकसष्ट टक्के आहेत तुझे. दोनदा मोजलेत मी."

"मोजलेत बरोबरच. पण मला कुणी विचारलं नाही." तिने झेरॉक्स पुढे सरकवली. "हे तुम्हीच लिहिलंय."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कालची पोर, आपल्याला आपलंच पुस्तक दाखवते. "ही काही शिक्षा नव्हे, नियम आहे," असं त्या बोलून गेल्या आणि तिथेच अडल्या. नेमका हाच बचाव त्यांनी त्या प्रकरणात दोन पानं खर्चून मोडीत काढला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"बस," त्या म्हणाल्या. "सांग."

दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी वडिलांचं डायलिसिस, आणि ने-आण करायला घरात दुसरं कुणी नाही. दवाखान्याचे कागद तिने सोबत आणले होते.

"आधी का नाही बोललीस?"

"कुणी विचारल्याशिवाय घरचं कसं सांगायचं, मॅडम?"

बाई तडक प्राचार्यांकडे गेल्या आणि यादी मागे घ्या म्हणाल्या.

"अहो, पण सही तुमचीच आहे."

"म्हणून तर आलेय."

पुढचे दोन दिवस यादीतल्या अकराही जणांना बोलावून त्यांनी प्रत्येकाचं ऐकलं. चौघे निव्वळ उनाड निघाले, त्यांची नावं राहिली. बाकीच्यांची निघाली, त्यात त्या मुलीचं पहिलं.

घरी पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पडली होती. बाईंनी चौथ्या प्रकरणात एक उदाहरण वाढवलं. प्रुफं तपासायचं काम नेहमीप्रमाणे नवऱ्याकडे होतं.

"अगं, ही कोण शिक्षिका? न विचारता परीक्षेतून नावं कापत सुटलेली?"

"मी."

त्याने चष्मा काढला. "मग आधीच्या वर्षांच्या याद्यांमधल्या मुलांचं काय झालं?"

बाई आठवू लागल्या. अठ्ठावन्न टक्के, त्रेसष्ट टक्के, सत्तरला एक कमी. आकडे भराभर आठवत गेले. नाव मात्र एकाचंही आठवेना.