शिवणीवरचा अंगठा

मी दौंडला बँकेत नवीन लागले तेव्हा दारावर एक निवृत्त जवान बंदूक घेऊन बसायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. चहा आला की आधी उठून बंदूक भिंतीला नीट टेकवायची, मगच कपाला हात.

पणजोबांचा पहिल्या महायुद्धाच्या वेळचा, लष्करी पोशाखातला फोटो मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले, मग मामांपुढे धरला. ते सैन्यात असल्याचे कागदपत्र कुठेच सापडत नव्हते. आमच्या खुटबावात लोक हसायचे, "फोटोवाल्याचे कपडे घालून उभा राहिला!" वडिलांना ते फार लागायचं.

"मामा, हे खरंच सैन्यात होते का?"

त्यांनी फोटो उन्हाकडे वळवला. "मूठ बघा ताई. अंगठा विजारीच्या शिवणीवर हाय. कपडे उसने मिळत्यात, ह्यो अंगठा न्हाई. ट्रेनिंगला उस्ताद छडी मारून मारून बसवतो." मग आवाज उतरला. "पयल्या महिन्यात तोंडावर कांबळं घिऊन रडलो मी. ह्यो बी रडला आसंल. घरी कोण सांगतंय?"

वडिलांना मी अंगठ्याचं सांगितलं. ते फोटो घेऊन गावभर फिरले. रडण्याचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. पणजोबांनी जे घरी सांगितलं नव्हतं, ते मी कशाला सांगू?