उपडा पेला आणि दोन दिवे

दुपारी कूलरसमोर पडले की मला पुरती झोप लागत नाही. ओल्या वाळ्याचा वास येतो, पंखा घरघरतो आणि मेलेली माणसं घरात ये-जा करतात. मी त्यांना बसा म्हणत नाही.

त्या दुपारी नात फरशीवर पसारा मांडून बसली होती. भोकाभोकांची पांढरी पट्टी, तारा, बॅटरी, दोन बटणं, एक लाल दिवा, एक हिरवा. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत ती याच विषयात नापास झाली होती. सर्किट चाललं, पण ते तसं का चालतं हे तिला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा होती. पास झाली तर बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी, नाही तर ती जागा दुसऱ्याला.

"झोपली का वं आजी?"

"नाही. तुझा पसारा पाहून राहिली."

तिने एक बटण दाबलं. लाल दिवा लागला. बोट काढलं तरी लागलेलाच. दुसरं दाबलं, तर लाल विझला, हिरवा लागला, आणि तोही तसाच राहिला.

"बोट काढल्यावर काहून राहते?"

"शेवटी कोणतं बटण दाबलं ते लक्षात ठेवते. याले फ्लिप-फ्लॉप म्हणतात."

"कसं ठेवते?"

"तेच तर सांगता येत नाही ना."

मी डोळे मिटले. लाल, हिरवा पापणीच्या आतही दिसत राहिले. मग स्वयंपाकघराची जुनी खिडकी दिसली आणि तिच्यावरचा पितळी पेला. सासू अंथरुणाला खिळलेली. औषध कधी मी द्यायची, कधी माझी मोठी जाऊ. जी देईल तिने पेला उपडा करायचा, सकाळी सुलटा. एकदा मी संध्याकाळी औषध देऊन पेला उपडा केला. जावेने तो घासला आणि सुलटा ठेवून दिला. मग तिनेच पुन्हा औषध पाजलं. सासू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. घर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून ठरलं, गिरणीचा सकाळ-संध्याकाळचा भोंगा झाल्याशिवाय पेला पालटायचा नाही. मधे घासला तर होता तसाच ठेवायचा.

हे मी डोळे मिटूनच सांगितलं. नात हसली.

"भोंगा म्हणजे क्लॉक. खऱ्या फ्लिप-फ्लॉपलेही ठोका लागते. ठोका पडला तरच बदलते, मधात कोणाचं ऐकत नाही. हे माझं साधं आहे, बिनठोक्याचं. पण पेल्याचं जमत नाही, आजी."

"काहून?"

"पेला आपल्या वजनानं बसते. इथं वजन कोणालेच नाही. इथं दोन गेट आहेत, आत काय आलं ते पाहून हो किंवा नाही म्हणणारे." ती तारेवर बोट ठेवून हळूहळू बोलू लागली. "याचं म्हणणं त्याच्या कानात जाते, त्याचं याच्या. हा लागलेला आहे म्हणून तो विझलेला. तो विझलेला आहे म्हणूनच हा लागलेला. बोट काढलं तरी दोघं एकमेकाले धरून राहतात."

बोलून झाल्यावर ती स्वतःच दिव्यांकडे बघत बसली.

"म्हणजे मी न् माझी जाऊ," मी म्हटलं. "ती बोलायची म्हणून मी चूप. मी चूप म्हणून तिचं सुरूच."

"हो वं. तसंच."

"दोन्ही बटणं एकदम दाबली तर?"

तिने दाबली. दोन्ही दिवे लागले. एकदम सोडली तर लाल राहिला. पुन्हा केलं, तर हिरवा.

"कोण राहील ते सांगता येत नाही. म्हणून दोन्ही दाबायचीच नाहीत."

"आमच्याकडे दोघी एकदम बोललो की सासू काठी आपटायची."

दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी आली. चपला काढायच्या आधीच मी विचारलं.

"पास. बोट काढल्यावर काहून राहते, हेच विचारलं सरांनी."

"काय सांगितलं?"

"तुझं न् मोठ्या आजीचं. फक्त तुमच्या जागी गेट म्हटलं."

तिने बॅटरी काढली. लागलेला दिवा गेला. वीज गेली की हे सगळं विसरतं, म्हणाली. मग पेलाच बरा, मी म्हटलं.

आता ती सकाळीच बुटीबोरीच्या बसने जाते. मी रक्तदाबाची गोळी घेते आणि खिडकीतला पेला उपडा करते. दुपारी डोळा लागतो, उठल्यावर गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. विचारायला घरात कोणी नसतं. खिडकीकडे पाहते.