वापसमामांचा ओला हात

वापसमामांच्या कापडदुकानात गल्ल्याच्या वर पाटी होती: ‘एकदा विकलेला माल वापस घेतल्या जाणार नाही.’ शालूचा रंग नवरीच्या अंगभर उतरला, तरी मामा त्या पाटीकडे बोट दाखवून पान लावत बसत. हाच माणूस दर रविवारी आंजीजवळ धाम नदीवर गळ टाकून बसे आणि लागलेली प्रत्येक मासोळी नदीला परत करी. गावाने नाव ठेवलं ते या दुसऱ्या धंद्यावरून.

माझं खताचं दुकान त्यांच्या समोर. स्कूटर माझी, गळ त्यांचे, अशी आमची भागीदारी. गळाचा उलटा काटा मामा कानशीने घासून टाकत, म्हणजे काढताना तोंड फाटत नाही. मासोळीला शिवण्याआधी हात पाण्यात बुचकळायचा, हा दुसरा नियम. "कोरड्या हातानं तिच्या अंगावरचा चिकटा निघते. सोडाचं असन तं हात ओला पाह्यजे." मग तिला पाण्यात धरून म्हणायचं, "येजो." म्हणजे ‘पुन्हा ये’; ‘जा’ असं कधीच नाही.

"खाचीच नाई, तं पकडता काऊन मामा?" मी एकदा विचारलं.

"ते पाण्यात राह्यते, मी बाहीर. भेट कशी व्हाची? अन् घरी नेली तं पुढच्या रविवारी कोणाले भेटू?"

माझी अडचण वेगळी होती. बायको म्हणे, "दर रविवारी नदीवर जाता अन् पिशवी कोरडी. या नदीले काई नाव-गाव हाय का?"

शेवटी एका रविवारी पुरावाच आणायचा ठरवला. "मसाला वाटून ठेव," असं छाती काढून सांगून निघालो. मामा बाभळीखाली डबा खायला गेले, तेवढ्यात माझ्या गळाला हातभर मरळ लागली. ती ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून मी सीटखालच्या डिक्कीत कोंबली आणि चेहरा शक्य तेवढा निष्पाप केला, म्हणजे नेहमीपेक्षा संशयास्पद.

परतताना अर्ध्या रस्त्यात सीटखाली धपधप सुरू झाली.

"काय वाजून राह्यलं?" मागून मामा.

"सायलेन्सर सैल झाला वाट्टे."

"सायलेन्सर सीटखाली कधीपासून आला?" जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "मरळ हाय का रे?"

"हो."

"वळव."

मामा इस्त्रीच्या पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले. मरळ जात चिवट, पण ही त्यांच्या हातात चिंधीसारखी लोंबत होती. तिला धरून ते पाण्यात हळूहळू पुढे-मागे करत राहिले. मी काठावर उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा मासोळीसाठी नवस बोललो. एक नारळ. मग दोन. दुसऱ्या नारळाला शेपूट हलली.

"येजो," मामा म्हणाले.

तशाच चिंब पँटीने ते माझ्या घरी आले. "सूनबाई, हा खरंच नदीवर जाते. मी साक्ष देतो."

"मंग मासोळी कुठं हाय?"

"सोडली. पिच्चर पाहाले गेला, तं हिरोईन घरी आणते का हा?"

"आणून तं पाहा म्हणा," बायको म्हणाली.

वाटलेल्या मसाल्यात त्या दिवशी वांगी शिजली. मामांनी दोनदा मागून घेतली.

मागच्या वर्षी दुकान बंद करून मामा मुलाकडे पुण्याला निघाले. जाताना आपली गळाची काठी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी "नको, नको" करत परत द्यायला लागलो, तर उतरवून भिंतीला टेकवलेल्या पाटीकडे त्यांनी बोट दाखवलं.

गाडीत बसल्यावर काच खाली करून मामांनी माझा हात धरला. तो मी नुकताच डोळ्यांवरून फिरवला होता.

"हात ओला काऊन तुहा?"

"सोडाचं हाय ना, मामा."

त्यांनी हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "येजो."