घाणेरीला आंघोळ

दिंडोरीपलीकडच्या आमच्या गावाचं गायरान घाणेरीनं गिळलं होतं. गवताची काडी दिसेना. सिंधुबाईनं त्यावर उपाय काढला तो गुरांचाच. त्यांना घरून पोटभर वैरण घालून न्यायचं आणि घाणेरीच्या गचपणात दगडांवर खडेमीठ ठेवायचं. मिठासाठी गुरं आत घुसतात, झुडपं खुरांखाली मोडतात आणि मोकळ्या जागी गवत येतं. पाला मात्र पोटात जाऊ द्यायचा नाही, तो विषारी. अर्धा माळ मोकळा झाला, तेव्हा कुठं हसणारे गप्प बसले.

तिचा नवरा गोरक्ष माणूस सोन्यासारखा, पण अतिशहाणा. सिंधुबाई तापानं पडली म्हणून गुरं त्यानं नेली. दगड कशाला चाटायचे, झुडूपच खाऊन संपवू दे, असं म्हणत त्यानं मिठाचं पाणी पाल्यावर शिंपडलं. उंटावरचा शहाणा! बाकीची गुरं निभावली, पण गाभण गाय चांदी वैरणीला तोंड लावेना. तिचे डोळे पिवळे पडले, पांढऱ्या कातडीवर उन्हानं चट्टे उठले.

"सावलीतून हलवू नका," गुरांचे डॉक्टर सुई टोचून म्हणाले. "रवंथ करायला लागली, तर वाचली म्हणायची."

सिंधुबाई तापातच गोठ्यात बसून राहिली. चांदीला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तिचा जीव टांगणीला लागला. गोरक्षशी ती चकार शब्द बोलली नाही, आणि मला विचाराल तर बरोबरच केलं.

त्यालाही घरात थांबवेना. विहिरीवरून हंडे भरून तो माळावर न्यायचा आणि खारट पाला धुवायचा, पुन्हा कुठलं जनावर भुलू नये म्हणून. गावात हशा पिकला.

"काय रे गोरक्ष, घाणेरीला आंघोळ घालतो का?" रावजी ओरडला. गोरक्षनं पुढच्या झुडपावर हंडा ओतला.

एका दुपारी सिंधुबाई धापा टाकत माळ चढताना त्याला दिसली. अंगात ताप असताना ही भर उन्हात का येईल? त्याच्या हातातला हंडा सुटला आणि गडगडत उतारावरून गेला. तो मटकन खाली बसला.

"गेली ना?" त्यानं विचारलं.

"रवंथ करतीय," ती दम खात म्हणाली. "मघापासून."

गोरक्ष हमसून रडला. "अन् पोटातलं?"

"हालतंय. हात लावूनच आले."

ती उतारावर गेली, हंडा उचलून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"उठा आता. पलीकडची झुडपं धुवायची राहिली ना."