आईच्या डाव्या पायाची सीट

बामचा वास आला की आईचा पहिला विमानप्रवास आठवतो. तिचा डावा गुडघा नीट वाकत नाही, म्हणून परळहून नागपूरला, दीक्षाभूमीवर, आम्ही विमानाने निघालो. विमानात पाय लांब करायचेही जादा पैसे मागतात, हा मला उघड अन्याय वाटतो. तरी वाटेकडची सीट मी तिच्यासाठी हट्टाने मिळवली आणि स्वतः मागे बसले. पण वाट आली तिच्या उजव्या हाताला आणि दुखरा पाय शेजारच्या गृहस्थांकडे. "परक्या माणसाला पाय लागेल," म्हणत ती तो आखडून, ओठ दाबून बसली. मी हवाईसुंदरीला सुनवायला उठले तर आई म्हणते, "इथं सभा नको घेऊस गं." वाटेपलीकडच्या बाई हसल्या. "मावशी, डावा पाय ना? मग माझ्या जागेवर या, इथे वाट डावीकडे आहे. खुशाल पसरा." आई संकोचत तिथे बसली आणि पाय लांब करून चक्क घोरायला लागली. उतरताना तिने त्या बाईंना हात जोडून "जय भीम" म्हटलं. त्या क्षणभर थबकल्या, मग त्यांनीही हात जोडले. "जय भीम, मावशी." हक्कासाठी मी आजही भांडते, पुढेही भांडणारच; पण त्या दिवशी आईला न भांडता जागा मिळाली, याचं मला अजून बरं वाटतं.