स्टँडवरचं कापड

गेल्या रविवारी दुपारी, नेरच्या संगीत शिबिराच्या समारोपाला, बंजारा तांड्यावरून आलेल्या एका गिटारवाल्या ताईवर अन्याय झाला. तिचं नाव मला ठाऊक नाही. ताठ मान तेवढी लक्षात आहे.

आठवडाभर तिनं आपली गिटार स्टेजच्या सजावटीला दिली होती. गिटारचं लॅकर, म्हणजे वरचं चकचकीत पॉलिश, नाजूक. उन्हाळ्यात स्टँडचं रबर त्याला चिकटतं. म्हणून तिनं स्टँडला भरतकामाचं सुती कापड गुंडाळलं होतं. संयोजकांनी ते तिला न विचारता काढून टाकलं. रविवारी तिनं गिटार उचलली, तर खालच्या कडेचं पॉलिश रबरालाच चिकटून राहिलं.

"ते चिंधी बरी नव्हती दिसत, ताई," संयोजक हसले. "स्टिकर लावून टाका. कोणाले दिसते?"

तिनं डागावरून अंगठा फिरवला. "चिंधी नाही, माह्या याडीच्या, माह्या मायच्या हातचं काम हाये ते. अन् स्टिकर कायले? डाग तुमचा हाये, दिसू द्या लोकायले."

स्टेजवर तिनं आधी डाग दाखवला, मग अशी वाजवली की सभागृह उभं राहिलं. असली माणसं आमच्या जिल्ह्यात आहेत, याचा मला माज आहे.

तुमच्या सभागृहातल्या रबरी स्टँडला आजच सुती कापड गुंडाळा. आणि दुसऱ्यानं गुंडाळलेल्या कापडाला विचारल्याशिवाय हात लावू नका!